सांबालला तेल सुटू द्या

प्रश्न: आम्ही तीन वर्षांपासून मलेशियात, सुबांग जयामध्ये राहतो. धाकटी नऊ वर्षांची आहे. शाळेच्या कॅन्टीनमधला नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात आणि सोबत तिखट सांबाल, तिला इतका आवडतो, की सुट्टीच्या दिवशीही तोच हवा असतो. मी दोनदा घरी करून पाहिला. भात खाली लागला आणि सांबाल कच्चट झाला. "आई, ही तर लाल चटणी झाली," म्हणाली. पुढच्या महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत, त्या शुद्ध शाकाहारी. घरात बलाचान, म्हणजे कोळंबीची ती उग्र वासाची वडी, आणावं की नाही, इथपासूनच माझी सुरुवात आहे. हे परक्यांचं जेवण घरी करायचा हट्ट सोडून द्यावा का?

उत्तर: सोडू नका. तुमच्या लेकीनं चूक नेमकी पकडली आहे. सांबाल ही चटणी नाही, ते परतलेलं वाटण आहे. मलय स्वयंपाकात वाटणाला रेम्पाह म्हणतात आणि ते शिजल्याची खूण सांगताना 'पचाह मिन्याक' म्हणतात, म्हणजे तेल फुटणं. आपण म्हणतो, तेल सुटलं. रश्शाचं वाटण परतताना जी खूण तुम्ही न बघताही ओळखता, तीच इथे लागते. फक्त वेळ जास्त लागतो आणि तेल आपल्या सवयीपेक्षा बरंच जास्त.

चौघांसाठी पंचवीसेक सुक्या मिरच्या घ्या. इथल्या मिरच्या तिखट असतात, म्हणून निम्म्या ब्याडगी घेतल्या तरी चालतील. रंगही छान येतो. कात्रीनं कापून बिया झटका, पाच-सात मिनिटं उकळा आणि ते पाणी ओतून द्या. त्या पाण्याबरोबर मिरचीचा कडवटपणा बराचसा जातो. मग दोन मध्यम कांदे, सहा-सात छोटे कांदे, चार लसूण पाकळ्या यांच्याबरोबर बारीक वाटा. वाटताना पाणी अगदी नावापुरतं, नाहीतर ते आटवण्यातच वेळ जातो.

आता अर्धी वाटी तेल आणि मंद आच. पहिली दहा मिनिटं मिश्रण उडत राहतं, रंग नारिंगी असतो, नाकात कच्च्या कांद्याचा वास येतो. तुम्ही बहुतेक इथेच गॅस बंद केला असणार. थांबा. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, वास गोडसर होतो. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास कडेनं लाल तेल दिसू लागतं, उलथनं फिरवलं की मागची वाट क्षणभर मोकळी राहते, आणि रंग वाळलेल्या आमसुलाकडे झुकतो. आता चिंचेचा कोळ, मीठ आणि गुला मलाका घाला. गुला मलाका म्हणजे माडाच्या रसाचा गूळ. तो मिळत असताना साखर घालू नका. गरम मसाला तर नकोच. त्यानं सांबाल बिघडतो असं नाही, पण तो तुमच्या लेकीच्या ओळखीचा राहत नाही.

आता बलाचान. बारीक कोळंबी, आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली, मीठ लावून, उन्हात वाळवून, कुटून आंबवलेली वडी म्हणजे बलाचान. ज्या घरात पावसाळ्यासाठी सुकट भरून ठेवतात, त्या घराला हा वास परका नाही. पण सासूबाईंना तो सोसणार नाही आणि त्यांच्या भांड्यात तो जाता कामा नये, याबद्दल माझं मत पक्कं आहे. म्हणून सांबाल बलाचानशिवायच करा. तेल सुटलं की निम्मा बाजूला काढा. त्यात अर्धा चमचा तौचू, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं खारट मिश्रण, घालून दोन मिनिटं परता. नुसत्या मिठानं जी खोली येत नाही, ती त्यानं येते. उरलेल्या निम्म्यात अंगठ्याच्या पेराएवढं भाजलेलं बलाचान कुस्करा. ते फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून तव्यावर भाजा आणि खिडकी उघडी ठेवा. मी पहिल्यांदा एसी लावून, दारं-खिडक्या बंद करून उघड्या तव्यावर भाजलं होतं. आत वाळत घातलेले शाळेचे गणवेश मला परत धुवावे लागले.

वरून घालायच्या इकान बिलिसच्या, म्हणजे तळलेल्या सुक्या बारीक मासळीच्या जागी सासूबाईंसाठी टेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीच्या, पातळ काड्या कुरकुरीत तळून शेंगदाण्यात मिसळा. ही पळवाट नव्हे. टेंपे आणि शेंगदाणे असे एकत्र तळून खाणं इथे घरोघरी चालतं.

भात खाली लागतो तो घट्ट सांतानमुळे, म्हणजे नारळाच्या दुधामुळे. दोन कप तांदळाला नारळाचं घट्ट दूध एक कपच घ्या आणि वर दीड कप पाणी, आल्याचे दोन काप, मीठ, पांदानची दोन-तीन पानं गाठ मारून. कुकर बंद झाला की लगेच हलक्या हातानं खालचा भात वर करा, कारण दुधाचा स्निग्ध थर वर राहतो. पांदान केवड्याच्या कुळातलं. त्याच्याऐवजी इसेन्स घालण्यापेक्षा काहीच न घातलेलं बरं.

पुढे हात बसला की इतरही ओळखी निघतील. सेराई म्हणजे आपला गवती चहाच. आपण पात उकळतो, इथे बुडाकडचा पांढरा दांडा ठेचून घालतात. असाम केपिंग ही कोकमाच्या भावंडाची वाळवलेली चकती. मी ती आमटीतही टाकते, चौघांना एक पुरते. रेंडांग नावाच्या मसालेदार मांसाच्या पदार्थातलं केरिसिक म्हणजे खरपूस भाजून, पाणी न घालता तेल सुटेपर्यंत कुटलेलं खोबरं. आणि भेंडीला इथे बेंडीच म्हणतात!

रोजच्या जेवणाला सायुर लोदेह करा: कोबी, चवळीच्या शेंगा, गाजर, टोफू, हळद घातलेला नारळाच्या दुधाचा पातळ रस. भाताबरोबर सासूबाईंना सहज आवडेल. बाहेर खाताना मात्र जपा. नुसत्या भाजीच्या ताटलीतही सुकी कोळंबी किंवा ऑयस्टर सॉस असतो, आणि 'मांस नाही' एवढं सांगून भागत नाही. बलाचान, उडांग (कोळंबी), इकान (मासे) अशी नावं घेऊन विचारा.

सासूबाईंना पाहुणी म्हणून बसवून ठेवू नका. कुइह केतायापच्या हिरव्या घावनात जे सारण भरतात, ते ओला नारळ आणि गुला मलाकाचं, म्हणजे थेट मोदकाचं. ते त्यांच्या हातानं होऊ द्या, घावन नातीला घालू द्या. बाजारात पुतू मायाम दिसला तर घेऊन या. खोबरं आणि गुळाबरोबर खायच्या त्या तांदळाच्या शेवया पाहून कोकणात कधी शिरवाळ्या खाल्लेल्या बाईंना वेगळं काही सांगावं लागणार नाही. एकच जपा: गणपतीत उकडीसाठी पीठ आणायला त्या दोघी गेल्या, तर चिठ्ठीवर 'तेपुंग बेरास' असं लिहून द्या. शेजारीच 'तेपुंग पुलुत' असतं, तेही पांढरं, तेही तांदळाचंच, पण चिकट तांदळाचं. त्याची उकड हाताला चिकटते आणि मोदक वाफेवर बसतात.

सांबाल एका वेळी तिप्पट करून छोट्या डब्यांत फ्रीझरला ठेवा. बलाचानच्या डब्यांना लाल झाकण, सासूबाईंच्या डब्यांना हिरवं, आणि चमचेही वेगळे.