घरी केस कापायचे तर: मशीन, नंबर आणि भोवरा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: दाढीचा ट्रिमर डोक्याला चालेल का, आणि स्वतःचे केस स्वतः नीट कापता येतात का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. सगळीकडे बारीक ठेवणार असाल तर आरामात येतात. वर लांब, बाजूला बारीक हवे असतील तर बाजू तुम्ही सांभाळा. वर कात्री लागते आणि ती न्हाव्याच्या हातातच शोभते. मी 2020 च्या एप्रिलपासून घरी कापतोय. त्या वर्षी लॉकडाउनमध्ये बंद झालेली महाराष्ट्रातली सलून उघडायला 28 जून उजाडला. तोवर माझं शिकून झालं होतं, डोक्यावर दोन खाचा पाडून.

ट्रिमर चालतो, पण रडतो. त्याचं पातं जेमतेम सव्वा इंचाचं, मोटर दाढीपुरती. दाट केसांत शिरला की अडतो, आणि अडलेलं पातं केस कापत नाही, उपटतं. क्लिपरचं, म्हणजे डोक्याचे केस कापायच्या मशीनचं, पातं दीड-पावणेदोन इंच रुंद असतं, त्यामुळे फेऱ्या कमी लागतात आणि पट्टे उमटत नाहीत. बॅटरीवाला घेणार असाल तर वायर लावून चालतो का, हे दुकानातच विचारा. अर्धं डोकं झाल्यावर बॅटरी संपली की काय होतं ते घरच्यांच्या हसण्यावरून कळतं.

कुणी अमेरिकेतून क्लिपर आणणार असेल तर थांबा. वायरवाल्या पारंपरिक क्लिपरमध्ये फिरती मोटर नसते, विद्युतचुंबक असतो आणि पातं विजेच्या तालावर हलतं: आपल्या 50 हर्ट्झवर मिनिटाला सुमारे 6000 वेळा, तिकडच्या 60 हर्ट्झवर 7200 वेळा. मावसभावाने आणलेला 120 व्होल्टचा क्लिपर मी पिन बदलायचा अडॅप्टर लावून आपल्या 230 वर चालू केला. दोन-तीन सेकंद भुंग्यासारखा घोंगावला, मग जळका वास. अडॅप्टर पिनच बदलतो, व्होल्टेज नाही! ट्रान्सफॉर्मर लावलात तरी हर्ट्झ तेच राहतात आणि मशीन खडखडतं. चार्जरवर 100-240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर हरकत नाही.

आता नंबर. सलूनमध्ये आपण ‘दोन नंबर मार’ म्हणतो तो पात्यावर बसवायच्या प्लास्टिकच्या कंगव्याचा नंबर. प्रत्येक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून 1 नंबर 3 मिमी, 2 नंबर 6, 3 नंबर 10, 4 नंबर 13 आणि 8 नंबर 25 मिमी. स्वस्त मशीनवर नुसते मिलिमीटर छापलेले असतात, तिथे ‘3’ म्हणजे तीन नंबर समजलात तर जवळजवळ चमनगोटा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे 4 च्या जागी 2 लागला तर तीन आठवडे टोपी. पहिल्या वेळी मनात असेल त्याहून दोन नंबर वरचा कंगवा लावा.

माझी पहिली खाच मात्र नंबराने पडली नाही. मध्येच कंगवा काढून केस झटकले, बायकोशी बोलत परत मशीन उचललं आणि कंगवा न लावताच फिरवलं. कंगवा बसताना ‘कट’ आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय मशीन डोक्याजवळ नेऊ नका.

केस धुतलेले आणि पूर्ण कोरडे हवेत. तेल लावलेल्या डोक्यावर मशीन नको, केस चिकटून बसतात. मशीन वाढीच्या उलट दिशेने, सावकाश फिरवा. खरी परीक्षा भोवऱ्यापाशी. तिथे केस गोल फिरत उगवतात, म्हणून एकाच दिशेने मशीन नेलं की एक शेंडी उभी राहतेच. चारी बाजूंनी फिरवा. कुणाकुणाला दोन भोवरे असतात, आधी बोटांनी चाचपून बघा. बाजूला 2 आणि वर 4 असेल तर मध्ये 3 चा पट्टा घ्या, आणि वर जाताना मनगट बाहेर वळवत मशीन डोक्यापासून सुटू द्या. सरळ वर नेलंत तर वाटी ठेवून कापल्यासारखं दिसतं. कल्ले दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, ते कानाला नव्हे, डोळ्याच्या कोपऱ्याला धरून मोजा. कान बऱ्याच जणांचे वरखाली असतात. मानेची रेघ तेवढी दुसऱ्याकडून मारून घ्या. दोन आरशांत हात उलटा जातो आणि रेघ वर वर सरकत राहते.

काम झालं की पातं ब्रशने झाडून तेलाचे दोन-तीन थेंब. बरोबरची बाटली संपली तर शिलाई मशीनचं तेल चालतं, खोबरेल नाही. ते थंडीत गोठतं आणि पातं जाम होतं. पातं स्क्रू काढून साफ केलंत तर परत बसवताना हलणारं पातं खालच्या पात्याच्या किंचित मागे राहिलं पाहिजे, पुढे आलं तर कातडी कापते.

आणि पहिला प्रयोग शनिवारी संध्याकाळी करा. बिघडलंच तर रविवारी सलून उघडं असतं, सोमवारी बहुतेक बंद. घरात आजी असेल तर ती शनिवारी कापू देणार नाही. मग रविवारी सकाळी लवकर उठा.