सेल्टिक नक्षीचा चांदीचा दागिना हातघडणीचा आहे, हे कसे ओळखावे?

नातेवाइकांनी स्कॉटलंडहून आणलेले सेल्टिक (म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या परंपरेतील), एकमेकींत गुंफलेल्या पट्ट्यांच्या गाठीच्या नक्षीचे चांदीचे पदक हाताने घडवलेले आहे की साच्यातले, आणि त्या गाठीला काही अर्थ असतो का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः चांदीकाम करते आणि ही नक्षी मला फार प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रथम नक्षीतील एकच पट्टी नजरेने धरून तिच्या मागोमाग जावे. ती एका ठिकाणी दुसरीच्या वरून गेली की पुढच्या ठिकाणी खालून गेली पाहिजे, आणि हा क्रम शेवटपर्यंत मोडता कामा नये. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखीच ही नक्षीही ठिपके मांडून आखता येते. घाईने नक्कल केलेल्या मालात मात्र पट्ट्या नुसत्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. मग भिंग घ्यावे. हाताने कोरलेल्या खाचेच्या कडा धारदार असतात आणि तिची रुंदी केसभर कमीजास्त होते. ओतीव कामात कडा बहुधा बोथट असतात, क्वचित सुईच्या टोकाएवढी छिद्रेही दिसतात.

तरीही ओतकाम म्हणजे फसवणूक, असे कृपया समजू नये. आयर्लंडमध्ये मीथ परगण्यातील बेटीस्टाउन येथे १८५० मध्ये सापडलेला, सुमारे इ. स. ७०० मधला ‘तारा ब्रोच’ (ब्रोच म्हणजे वस्त्राला लावायची शोभेची पिन) हा ओतीव चांदीचाच असून त्यावर सोन्याचा मुलामा आहे आणि नखाएवढ्या चौकटींत सोन्याचे तारकाम बसवलेले आहे. अंगावर असताना कोणालाही न दिसणारी त्याची मागची बाजूही तितक्याच निगुतीने सजवलेली आहे, आणि म्हणूनच मी कोणताही दागिना आधी उलटा करून पाहते. (आयर्लंडमधल्या तारा नावाच्या टेकडीशी त्याचा संबंध नाही, ते नाव डब्लिनच्या एका जवाहिऱ्याने दिले.) स्कॉटलंडच्या आयोना बेटावर अलेक्झांडर आणि युफेमिया रिची या दांपत्याने तेथील जुन्या क्रूसांवरची आणि थडग्यांच्या शिळांवरची नक्षी चांदीत उतरवली, तेव्हा मागणी वाढल्यावर त्यांनीही काही माल इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहरात करवून घेतला होता.

अर्थाबद्दल सांगायचे तर, दुकानातील चिठ्ठीवर ‘अनंत प्रेम’ लिहिलेले असले तरी जुन्या कारागिरांनी लिहून ठेवलेला तसा अर्थ आपल्यापर्यंत आलेला नाही. शिवाय ख्रिस्तपूर्व काळातील सेल्टिक कलेत भर वळणदार रेषांवर आणि चक्राकार वेढ्यांवर होता. अशा गुंफणीची नक्षी पुढे, ख्रिस्ती मठांच्या काळात बहरली.

पदकावर ९२५ हा आकडा आणि किल्ल्याचा छाप असेल, तर एडिनबराच्या धातू-तपासणी कचेरीत चांदीचा कस तपासला गेला आहे, एवढेच त्यातून कळते. घडणीबद्दल काही कळत नाही. आणि एक विनंती: ते चकचकीत करण्यासाठी पॉलिशच्या द्रावणात बुडवू नये. खाचांतील काळेपणा बहुधा मुद्दाम ठेवलेला असतो. तो गेला की कोणती पट्टी वर आणि कोणती खाली, हेच दिसेनासे होते.