रोजच्या रिंग फाइलमध्ये कव्हरआधी रिंग बघा

कोथरूडहून रोज बसने क्लासला जाता, फाइल सॅकमध्ये असते आणि काही महिन्यांतच रिंगची तोंडं जुळेनाशी होऊन पानं निसटतात, असं तुम्ही लिहिलंय. जाड कव्हरची घेऊनही तेच झालं, म्हणून वैतागलात. ऑडिटच्या कामात आमच्याकडे फायली दिवसभर उघडमीट होतात, त्यामुळे ठामपणे सांगते: कव्हर नंतर बघा. रोज वापरायच्या फाइलची आधी रिंग खराब होते.

म्हणून शक्यतो ऑनलाइन मागवू नका. अप्पा बळवंत चौकातल्या वह्या-फायलींच्या दुकानांत जा आणि फाइल हातात घेऊन बघा. रिंग बंद करून तिच्या तोंडावरून नख फिरवा. नख अडकलं, तर पानही तिथेच अडकणार आणि फाटणार. मग बंद रिंग चिमटीत धरून आडवी ढकला, तोंड सरकलं तर ती फाइल परत ठेवा. पाच-सहा वेळा उघडमीट करा, सगळ्या रिंगा एकदम उघडायला आणि एकदम मिटायला हव्यात. पत्र्याची पट्टी कव्हरला रिव्हेटने बसवलेली असते, ते रिव्हेट डुगडुगतात का तेही बघा. दुकानदार घाई करतील, करू देत.

गोल रिंगपेक्षा डी आकाराची घ्या. सरळ बाजूमुळे पानांच्या कडा एका रेषेत राहतात आणि त्याच मापात साधारण पाव पट जास्त कागद मावतात. त्यातही पट्टी कण्यावर नाही, मागच्या पुठ्ठ्यावर बसवलेली हवी, म्हणजे फाइल मिटताना पानं वाकत नाहीत.

दोन रिंगा की चार? सॅकमधून न्यायची असेल तर चार. वजन वाटलं जातं आणि पानांचे कोपरे हेलकावत नाहीत. तुमच्या जुन्या नोट्स वाया जाणार नाहीत, कारण साध्या पंचची दोन भोकं ८० मिलिमीटर अंतरावर असतात आणि चार रिंगांच्या फाइलमधल्या मधल्या दोन रिंगांचं अंतरही तेच असतं. तीन रिंगांची अमेरिकी पद्धतीची फाइल मात्र घेऊ नका. तिची भोकं १०८ मिलिमीटरवर, आपला पंच तिथे उपयोगाचा नाही.

रिंगचं माप २५ मिलिमीटर पुरे. शंभर कागदांचा गठ्ठा साधारण एक सेंटिमीटर होतो, म्हणजे दोनशे मावतील, पण रोजच्या फाइलमध्ये दीडशेवर थांबा. ठासून भरली की रिंगवर सतत ताण येतो आणि तोंडं फाकतात. तुमच्या आधीच्या फायलींचं बहुधा हेच झालं असावं. खटका असेल तर खटक्यानेच उघडा. नसेल तर एकच रिंग ओढू नका, दोन्ही हातांनी सगळ्या एकदम उघडा.

कव्हरचं थोडक्यात: पुण्याच्या पावसात पुठ्ठ्याचा कोपरा एकदा उघडा पडला की फुगतो. रोज बाहेर न्यायला पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकचं कव्हर बरं. घरी कपाटात उभी ठेवायला पुठ्ठ्याची बॉक्स फाइल उत्तम, पण ती सॅकमध्ये घालायची वस्तू नाही. शीट प्रोटेक्टर, म्हणजे कागद घालायचा भोकं असलेला पारदर्शक पाऊच, वापरणार असाल तर तो ए-४ कागदापेक्षा रुंद असतो हे लक्षात ठेवा आणि जास्त रुंद कव्हर मागा, नाहीतर कडा बाहेर येऊन चुरगळतात.

आईच्या रिपोर्टांसाठी हीच चालेल का, असंही विचारलंय. चालेल, पण वेगळी करा, आणि पाऊच पीव्हीसीचे घेऊ नका. पीव्हीसीला लेझर प्रिंटची शाई चिकटते आणि कागद ओढताना अक्षरं प्लास्टिकवर राहतात. ईसीजी बहुतेक थर्मल कागदावर असतो. तो उष्णतेने तर फिका पडतोच, पीव्हीसीच्या संपर्कानेही पडतो. तेव्हा ईसीजी हातात आला की त्याच दिवशी झेरॉक्स काढून दोन्ही एकत्र लावा. पुढच्या वेळी डॉक्टर जुना ईसीजी मागतीलच.