वाचकांचे प्रश्न : कन्व्हर्टर नवा, तरी टिकटिक कशाची?

प्रश्न : सांगलीत विश्रामबाग भागात माझा छोटा स्टुडिओ आहे. भजनी मंडळे एकत्र बसवून मुद्रित करायची तर इंटरफेसचे (माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्राचे) आठ इनपुट पुरत नाहीत, म्हणून मी आठ चॅनेलचा, प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) असलेला स्वतंत्र कन्व्हर्टर घेतला आणि तो ऑप्टिकल केबलने इंटरफेसला जोडला. तेव्हापासून नव्या आठ चॅनेलवर साधारण एका सेकंदाच्या अंतराने बारीक ‘टिक’ असा आवाज येतो. पखवाज आणि टाळ चालू असताना तो जाणवत नाही. नुसता तानपुरा उरला की स्पष्ट ऐकू येतो. केबल बदलून पाहिली, फरक पडला नाही. विक्रेते वेगळे मास्टर क्लॉक, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकच गती देणारे घड्याळ, घ्या म्हणतात. घ्यावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घेऊ नये. आपण वर्णन इतके नेमके केले आहे की दोष कुठे असावा हे पत्रावरूनच बऱ्याच खात्रीने सांगता येते. आपला कन्व्हर्टर आणि आपला इंटरफेस ही दोन्ही यंत्रे सध्या आपापल्या घड्याळावर चालत असावीत.

ध्वनीचे अंकांत रूपांतर करताना कन्व्हर्टर 48 किलोहर्ट्झ या दराने सेकंदाला 48,000 वेळा विद्युतदाब मोजतो, आणि प्रत्येक मोजणी केव्हा करायची हे त्याच्या आतला क्वार्ट्झचा स्फटिक ठरवतो. इंटरफेसमध्येही तसाच स्फटिक असतो. दोन्हींवर 48 किलोहर्ट्झ लिहिलेले असले, तरी कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत वीस भाग इतका फरक असला, आणि तेवढा असणे अगदी सामान्य आहे, तर सेकंदाला जवळजवळ एक मोजणी जास्त किंवा कमी होते. इंटरफेसला ती एक तर टाकून द्यावी लागते किंवा आधीचीच पुन्हा वापरावी लागते, आणि लहरीत त्या जागी जो खंड पडतो तोच आपला ‘टिक’. दर सेकंदाला तो येतो याचा उलगडा इथे होतो. इंटरफेसच्या स्वतःच्या आठ इनपुटवर तो का नाही, याचाही होतो, कारण ते इनपुट इंटरफेसच्याच घड्याळावर चालतात.

उपाय सेटिंगमध्ये आहे. कन्व्हर्टरचे क्लॉक ‘इंटर्नल’वर ठेवावे. मग इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स ‘इंटर्नल’ऐवजी ‘अडॅट’ किंवा ‘ऑप्टिकल’ करावा, म्हणजे ऑप्टिकल केबलमधून ध्वनीबरोबर जी गती येते तीच इंटरफेस स्वीकारील. ऑप्टिकल सॉकेट अडॅट आणि एसपीडीआयएफ या ध्वनी पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी सारखेच दिसते. ते अडॅटवरच आहे ना, हेही पाहून घ्यावे, कारण एसपीडीआयएफवर दोनच चॅनेल मिळतात. शेवटी कन्व्हर्टर, इंटरफेस आणि प्रोजेक्ट या तिन्हींचा सँपल रेट, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या मोजण्यांचा दर, एक करावा. कन्व्हर्टर 48 वर आणि प्रोजेक्ट 44.1 वर राहिला, तर पांढरी चारमध्ये गायलेला अभंग ऐकताना काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधोमध कुठेतरी उतरतो आणि लयही मंदावते. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एका संध्याकाळचे सगळे भजन असेच मुद्रित झाले होते, आणि ते मंडळीपुढे वाजवताना वाटलेली खंत अजून गेलेली नाही.

तपासणीसाठी तानपुऱ्यापेक्षा एक किलोहर्ट्झचा साधा सलग स्वर कन्व्हर्टरमध्ये सोडून दहा मिनिटे मुद्रित करावा. असा स्वर इतका गुळगुळीत असतो की एक मोजणी जरी निसटली तरी कानाला टोचते.

कन्व्हर्टरलाच मालक का करायचे, म्हणजे त्याचीच गती इंटरफेसने का पाळायची, असा प्रश्न मनात येईल. ध्वनी आत घेताना मोजणीची वेळ चुकली, तर ती चूक फाइलमध्ये कायमची उतरते. ऐकवताना झालेली चूक पुढे चांगल्या यंत्रावर वाजवून टाळता येते. म्हणून मुद्रण करणारे यंत्र शक्यतो स्वतःच्या स्फटिकावर चालू द्यावे. आपल्याकडे मात्र मुद्रण करणारी यंत्रे दोन आहेत, तेव्हा गायक आणि तानपुरा ज्यात जोडता त्याला मालक करावे एवढेच म्हणतो. दुसऱ्याने घेतलेली उसनी गती आजची यंत्रे आत पुष्कळ स्थिर करून घेतात, त्यामुळे फरक कानांना क्वचितच कळेल. इंटरफेसला मालक करायचे असेल, तर त्याची गती कन्व्हर्टरपर्यंत नेण्यासाठी उलट दिशेने दुसरी ऑप्टिकल केबल लागेल, किंवा वर्ड क्लॉकची, म्हणजे नुसती गती वाहून नेणारी, 75 ओहमची बीएनसी केबल लागेल.

वेगळे मास्टर क्लॉक तीन-चार डिजिटल यंत्रे एकत्र बांधताना सोयीचे पडते. त्याने आवाज सुधारतो, ही समजूत मला पटत नाही. कन्व्हर्टरच्या चिपशेजारी बसवलेल्या चांगल्या स्फटिकापेक्षा लांबच्या केबलमधून येणारी गती बहुधा अधिक स्थिर नसते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एका ऑप्टिकल केबलमधून 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झला आठ चॅनेल जातात, 96 ला मात्र चारच. पुढे दर वाढवलात आणि चार माइक गायब झाले, तर यंत्र बिघडले असे समजू नये.

प्रश्न : माझ्याकडे एक मध्यम किमतीचा इंटरफेस आहे. त्यावर केलेल्या तानपुऱ्याच्या मुद्रणात जवारीचा झंकार हवा तसा उतरत नाही. महागडा बाह्य कन्व्हर्टर घेऊन 192 किलोहर्ट्झवर मुद्रण केले तर उतरेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मिरजेतून तानपुऱ्याविषयी विचारणा यावी, याचा आनंद वाटला. घोडीवर कानस फिरवून, तारेखाली दोरा सरकवून, नाद पुन्हा पुन्हा ऐकत जवारी लावणारे कारागीर आपल्या शेजारी आहेत. त्यांचा कान ज्या गोष्टी टिपतो, त्यांतल्या बहुतेक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचण्याआधीच खोलीत आणि माइकपाशी हरवतात, असे माझे मत आहे.

आकडेच पाहू. प्रत्येक मोजणी किती बारकाईने लिहिली जाते हे बिटवरून ठरते. सोळा बिटमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांत सैद्धांतिक अंतर सुमारे 98 डेसिबल असते, चोवीस बिटमध्ये 146. प्रत्यक्षात विद्युत घटकांच्या उष्णतेमुळे निर्माण होणारी खरखर आड येते, त्यामुळे उत्तम कन्व्हर्टरही 120 ते 124 च्या आसपास थांबतात आणि मध्यम किमतीचे 110 च्या पुढेमागे असतात. आता आपली खोली घ्या. रात्री, पंखा बंद करून, रस्ता शांत असतानाही तिथे 25 ते 30 डेसिबल आवाज असतोच. माइकपाशी तानपुरा फार तर 70 पर्यंत जातो असे धरले, तर वापरायला चाळीस-पंचेचाळीस डेसिबलचेच अंतर उरते. आपला इंटरफेस याहून कितीतरी अधिक सामावू शकतो. जवारीत ऐकू येणारे वरचे स्वरांश वीस किलोहर्ट्झच्या आत असतात, आणि तेवढ्यासाठी 48 किलोहर्ट्झ पुरेसे आहे. 192 ने फाइल चौपट मोठी होईल, झंकार वाढणार नाही.

त्याऐवजी स्वतःची खरखर कमी असलेला कंडेन्सर माइक घ्यावा, तो घोडीपासून एक-दीड फुटावर ठेवून भोपळा आणि दांडी यांच्या दरम्यान थोडा थोडा सरकवावा, आणि दर जागी दोन मिनिटे मुद्रित करून ऐकावे. समोरची उघडी भिंत जाड गोधडीने झाकावी. पातळी सरासरी उणे 18 डेसिबलच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या 18 डेसिबल खाली, आसपास राहू द्यावी. चोवीस बिटमध्ये ती लाल दिव्यापर्यंत नेण्याची गरज नसते.

बाह्य कन्व्हर्टरला मी निरुपयोगी मात्र म्हणणार नाही. चॅनेल वाढवायचे असतील, किंवा उत्तम प्रीअँप आधीच असून इंटरफेसचा लाइन इनपुट (आधीच वाढवलेला आवाज घेणारा) त्याच्या तोडीचा नसेल, तर तो जरूर घ्यावा. तिसरा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या भागात कितीतरी घरांत नाट्यगीतांच्या आणि मैफलींच्या जुन्या स्पूल आणि कॅसेट पडून आहेत. त्या पुन्हा पुन्हा वाजवता येत नाहीत, कारण फीत झिजते आणि काही फितींचा लेपच सुटू लागतो. म्हणून एकदाच, पण नीट रूपांतर करावे लागते. ध्वनिसंग्रह जपणाऱ्या इयासा या आंतरराष्ट्रीय संस्थेची शिफारस अशा कामासाठी किमान 48 किलोहर्ट्झ आणि चोवीस बिट अशी आहे, आणि संगणकाच्या आतल्या साउंड कार्डापेक्षा स्वतंत्र कन्व्हर्टर वापरावा असेही ती सांगते, कारण संगणकाच्या आत विद्युत गोंगाट फार असतो. असे काम हाती घेणार असाल, तर खर्च करावा आणि 96 किलोहर्ट्झवर करावा.

प्रश्न : जुना दोन चॅनेलचा कन्व्हर्टर स्वस्तात मिळाला. माइक थेट जोडला तर आवाज अगदी क्षीण येतो आणि मागे घुं असा आवाज असतो. कन्व्हर्टर खराब आहे का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : बहुधा नाही. अनेक कन्व्हर्टर फक्त लाइन पातळीसाठी असतात. व्यावसायिक लाइन पातळी म्हणजे सुमारे 1.23 व्होल्ट, तर माइकमधून मिलिव्होल्टच येतात. कंडेन्सर माइकला 48 व्होल्टचा फँटम पुरवठाही लागतो. मध्ये प्रीअँप जोडावा. त्यानंतरही घुंकार राहिला, तर तो आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचा आहे; सगळी यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीत आणि बाहेरचा विद्युत गोंगाट दूर ठेवणारी बॅलन्स्ड केबल वापरावी. घुंकार जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. माइक गायकाच्या ओठांपाशी असतो, आणि यंत्रात बिघाड झाला तर ती पिनच त्याचा जीव वाचवते.