विचारा, सांगते : हिवाळी चाकांचा दुसरा संच

थंडी तोंडावर आली की बर्फाच्या मुलखात राहणाऱ्या वाचकांची पत्रं वाढतात. यंदा त्यातली बरीचशी मोठ्या, महागड्या एसयूव्हीच्या मालकांची आहेत, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलंय. हॅचबॅकवाल्यांनी रुसू नये. आकडे सोडले तर बाकीचं त्यांनाही लागू पडतं.

प्रश्न : ताई, आमच्या एसयूव्हीला २१ इंची चाकं आहेत. पुढे २७५/४०, मागे ३१५/३५. हिवाळी टायर घ्यायचेत. शोरूमवाले म्हणतात, याच मापाचे घ्या. टायरवाला म्हणतो, १९ किंवा २० इंची रिम घ्या आणि चारही टायर सारखे लावा. आमचे यजमान म्हणतात, गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, हिवाळी टायर हे कंपन्यांचं नवं खूळ आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : टायरवाल्याचं.

आधी यजमानांचं बघू, कारण हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. खूळ म्हणावं तर फार जुनं आहे. फिनलंडच्या नोकियन कंपनीने ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर १९३४ साली काढला. फोर-व्हील-ड्राइव्हमुळे गाडी बर्फातून सुटते हे खरंच आहे. पण ब्रेक काय, साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबताना आणि वळताना कामाला येते ती फक्त रबराची पकड. उलट अशा गाडीचा धोका असा की ती निसरड्यावरही झोकात वेग घेते, आणि रस्ता किती वाईट आहे हे पहिला ब्रेक दाबेपर्यंत कळतच नाही. तेव्हा सव्वादोन टनांचा ऐवज पुढे सरकत असतो.

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली ताठर व्हायला लागतं. हिवाळी टायरचं मिश्रण वेगळं असतं, ते थंडीत मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर पात्याने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. म्हणून पहिल्या बर्फाची वाट बघू नका. सकाळी कामाला निघता त्या वेळचं तापमान आठवडाभर सातच्या खाली राहिलं की चाकं बदला. त्या आठवड्यात टायरवाल्याकडे रांग नसते, हा आणखी एक फायदा.

घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का ते बघा. नुसत्या 'एम प्लस एस' (म्हणजे इंग्रजीत 'चिखल आणि बर्फ') या अक्षरांवर जाऊ नका. ती कंपनीला कुठलीही परीक्षा न देता छापता येतात. डोंगराच्या चिन्हासाठी मात्र टायरला बर्फावरच्या चाचणीत उतरावं लागतं. जर्मनीने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या 'एम प्लस एस'ला हिवाळी टायर मानणंच बंद केलंय.

आता मापाचं. कागद-पेन्सिल घ्या. २७५/४० म्हणजे टायर २७५ मिलिमीटर रुंद आणि त्याची बाजू रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ११० मिलिमीटर उंच. वरची-खालची मिळून २२०, त्यात २१ इंची रिमचे ५३३. चाकाचा व्यास झाला ७५३. मागच्या ३१५/३५ चा हिशेब ७५४ वर येतो. पुढच्या-मागच्या रुंदीत एवढा फरक, पण उंची जवळजवळ तीच. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये चारही चाकांनी एका फेऱ्यात सारखंच अंतर कापायला हवं, नाहीतर पुढच्या-मागच्या धुरांमध्ये ताकद वाटणारा भाग उगाच झिजतो. आता २० इंची रिमवर २७५/४५ मांडा : ७५५ ते ७५६. १९ इंचीवर २६५/५० : सुमारे ७४८. मूळ मापापेक्षा एक टक्कासुद्धा फरक नाही. टायरवाल्याने हवेत गोळी मारलेली नाही.

लहान रिमने मिळतं काय? १९ इंचीवर टायरची बाजू ११० ऐवजी १३२ मिलिमीटर होते. बर्फाखाली झाकलेला खड्डा किंवा फुटपाथची कड लागली तर मार रबर खातं, रिम वाचते. टायर अरुंद म्हणून तेवढंच वजन कमी रुंदीवर येतं आणि चिखलबर्फ कापत चाक खालपर्यंत पोहोचतं. मागच्या ३१५ च्या मानाने तर हा फरक मोठाच आहे. बर्फासाठी चाकांना साखळ्या लावायची वेळ येणार असेल तर मॅन्युअल उघडाच. बऱ्याच गाड्यांत रुंद चाकांवर साखळीला परवानगीच नसते. आणि चारही टायर सारखे असले की पुढचे मागे, मागचे पुढे करता येतात. तुमच्या आताच्या जोडीत ते शक्य नाही.

मात्र 'अजून लहान, १८ इंची घेऊ' असं करू नका. या गाड्यांचे ब्रेक मोठे असतात, लहान रिम कॅलिपरला, म्हणजे ब्रेकची चकती दाबणाऱ्या भागाला, घासते किंवा बसतच नाही. गाडीच्या कागदपत्रांत मंजूर मापांची यादी असते, त्याबाहेर जायचं नाही. बोल्टची भोकं, मधलं भोक, रिमचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते), सगळं तुमच्याच मॉडेलचं हवं. टायरवरचा वजनाचा आकडाही बघा. ११० म्हणजे एका टायरला १,०६० किलो. कंपनीने सांगितल्यापेक्षा खाली उतरू नका. वेगाचं अक्षर मात्र हिवाळी टायरला खालचं असलं तरी बऱ्याच देशांत चालतं : 'एच' म्हणजे ताशी २१०, 'व्ही' म्हणजे २४० किलोमीटर. कमी अक्षराचे घेतलेत तर ती मर्यादा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवा. यजमान चालवत असतील तर जरा मोठ्या अक्षरांत.

आणि हिवाळ्याला चकचकीत डायमंड-कट, म्हणजे धातू तासून वर पारदर्शक लॅकर दिलेली, रिम नको. रस्त्यावरचं मीठ लॅकरच्या एका बारीक टवक्यातून आत शिरतं आणि पुढच्या मोसमात पांढऱ्या अळीसारखी रेघ रिमभर फिरते. साधी, पूर्ण रंगवलेली रिम घ्या. दिसायला सामान्य असते, हे मान्य.

प्रश्न : नव्या रिम घेण्यापेक्षा आहेत त्याच रिमवर वर्षातून दोनदा टायर बदलून घेतले तर?

उत्तर : होतं, पण मला पटत नाही. एवढ्या आखूड बाजूचा टायर, त्यात रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारा) असला तर फारच ताठर, दरवेळी लोखंडी दांड्याने रिमवरून उपसायचा. टायरची कड दुखावते, रिमला ओरखडे येतात आणि हात चुकला तर आतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर तुटतो. वर दरवेळी बॅलन्सिंग करावं लागतं ते वेगळंच. रिमसकट दुसरा संच असला की फक्त बोल्ट काढायचे नि लावायचे.

प्रश्न : काढलेली चाकं घरीच ठेवायची आहेत. कोणी उभी ठेवा म्हणतं, कोणी आडवी. माझ्या गॅरेजात एक जुना डीप फ्रीझरही आहे, त्याच्या बाजूला जागा रिकामी आहे.

उत्तर : दोघंही बरोबर सांगतायत, वेगवेगळ्या वस्तूंबद्दल. रिमवर चढवलेला टायर आडवा, एकावर एक, किंवा भिंतीला टांगून. रिम नसलेला नुसता टायर उभा, आणि महिन्याला पाव फेरा फिरवून. नुसते टायर एकावर एक रचलेत तर खालचा चेपतो, टांगलात तर ओढला जाऊन त्याचा आकार बिघडतो. चढवलेल्या चाकांच्या थप्पीत दोन चाकांच्या मध्ये पुठ्ठा सरकवा, रिमचा रंग वाचतो. आणि थप्पी एकट्याने रचू नका. २१ इंची चाक टायरसकट तीस किलोच्या घरात जातं, चौथं चाक छातीपर्यंत उचलताना पाठ आधी जाते.

फ्रीझरची बाजू मात्र सोडा. विजेच्या मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि ओझोन रबराला बारीक चिरा पाडतो. कॉम्प्रेसर, वेल्डिंग, त्यांच्याही जवळ नको. ऊन नको, पेट्रोल-ऑइलचे डबे नकोत, ओल नको. अंधारी, कोरडी, थंड जागा हवी.

ठेवण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवा. मीठ आणि ब्रेकची काळी भुकटी रिमच्या आतल्या बाजूला जास्त साचते, तिथे हात घाला. नक्षीतले खडे काढा. पूर्ण वाळू द्या, मगच अपारदर्शक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ओलं चाक पिशवीत कोंडलं तर न धुतलेलं बरं. टायर काळाभोर करणारे फवारे मारू नका. रबरात ओझोनपासून वाचवणारी मेणं कंपनीनेच घातलेली असतात, त्यांना त्यांचं काम करू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं काम एका खडूचं आहे. चाक उतरवल्या उतरवल्या टायरच्या आतल्या बाजूवर लिहा : 'पु. डा.', 'पु. उ.', 'मा. डा.', 'मा. उ.' डावं-उजवं गाडीत बसलेल्याचं, बॉनेटसमोर उभ्या असलेल्याचं नव्हे. इथे हमखास वाद होतो. चाकं दुकानाच्या गोदामात ठेवणार असाल तर तिथल्या माणसाला वाचता येईल अशा लिपीत लिहा, आणि प्रत्येक टायरची नक्षी किती मिलिमीटर उरलीय ते पावतीवर लिहून घ्या. सहा महिन्यांनी 'ही चाकं माझी नव्हेत' असं म्हणायची वेळ आली तर तोच कागद कामाचा.

प्रश्न : चाकं घरी बदलता येतील का? गाडीला एअर सस्पेन्शन आहे.

उत्तर : येतील, पण हे सस्पेन्शन हवेच्या दाबाने गाडीची उंची स्वतःच राखतं, म्हणून जॅक लावण्याआधी स्क्रीनवरून किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने जॅक मोड चालू करा. नाहीतर एक बाजू वर गेली की गाडीला वाटतं आपण कललो, आणि ती स्वतःची उंची सावरायला जाते. तुमचा हात तेव्हा चाकाच्या कमानीत असतो. जमीन सपाट आणि टणक हवी, जॅक नेमून दिलेल्या जागीच, आणि गाडीखाली आधाराला स्टँड. विटा-दगड नकोत.

बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. चाक निघालं की हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर तांबूस गंजाचं कडं दिसेल. तारेच्या ब्रशने ते घासून काढा. तो पापुद्रा राहिला तर चाक सपाट बसत नाही, आणि पुढे पापुद्रा दबून भुगा झाला की बोल्ट सैल पडतात. बोल्टही त्या-त्या रिमचेच वापरा. काहींची बैठक शंकूसारखी असते, काहींची गोल, दोन्ही एकमेकांच्या जागी फिरतात पण नीट धरत नाहीत. पहिले दोन-तीन आटे हाताने. मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा, आणि गाडी खाली आल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, शेवटचं. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना १४० ते १६० न्यूटन-मीटर लागतात, पण आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. रेंच तोच आकडा दाखवतो, पण बोल्ट त्याहून जास्त ताणला जातो. ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा रेंच फिरवा. लॉक बोल्टची चावी वापरून झाली की लगेच तिच्या जागी. ती शेल्फवर राहून गेली की रस्त्यात पंक्चर झाल्यावरच आठवते.

प्रश्न : चाकं बदलली आणि हवेचा पिवळा दिवा लागला. सेन्सर खराब झाला का?

उत्तर : बहुतेक नाही. प्रत्येक सेन्सरची ओळख वेगळी असते, नवा संच ओळखायला काही गाड्यांना थोडं अंतर चालवावं लागतं, काहींना स्क्रीनवर टायरचं माप निवडून द्यावं लागतं. तरीही दिवा राहिला तर हवा मोजा. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब सुमारे ०.१ बारने कमी होतो. उबदार गॅरेजात मोजून भरलेली हवा बाहेर गोठणाऱ्या सकाळी कमीच भरते. दाब बरोबर असूनही दिवा जात नसेल, तर मग सेन्सरच्या बॅटरीवर संशय घ्या. ती साधारण ५ ते १० वर्षं टिकते आणि बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो.

प्रश्न : जुने हिवाळी टायर अजून एक मोसम चालतील का? आणि नाही चालले तर उन्हाळ्यात वापरून संपवू का?

उत्तर : टायरच्या बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२१ असेल तर २०२१ सालचा ३५वा आठवडा. मग नक्षीची खोली मोजा. नवीन टायरला साधारण ८ ते ९ मिलिमीटर असते. युरोपात कायद्याची किमान मर्यादा १.६ आहे, पण ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ लागते, आणि मीही ४ च्या खाली हिवाळी टायर बाद धरते. चिराच उथळ झाल्या तर बर्फाला धरणार कोण? बदलायचे तर चारही एकदम, दोन नवे दोन जुने असा संसार फोर-व्हील-ड्राइव्हला मानवत नाही.

उन्हाळ्यात वापरून संपवू नका. मऊ रबर तापलेल्या रस्त्यावर भरभर झिजतं आणि ब्रेक लागायला जास्त अंतर घेतं. टायरवाल्याकडे जमा करा.