मराठवाड्यातल्या टीव्ही पत्रकाराचं आयुष्य कसं असतं? गावाकडून या क्षेत्रात यावं का?

या, पण नुसता पडद्यावरचा चेहरा बघून येऊ नका. जिल्ह्यातले बरेच जण स्ट्रिंगर असतात. पगार नाही, बातमी लागली तर त्या बातमीचे पैसे. मोटरसायकल, पेट्रोल, नेट बहुतेक वेळा स्वतःचंच. कॅमेरा धरायचा, बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर कुणाचं छोटं बोलणं, घ्यायची, झाडाखाली बसून व्हिज्युअल्स पाठवायची, आणि रेंज गेली की पुन्हा फाट्यावर यायचं.

मी लातूरला काम केलंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत पाण्याच्या दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, साधारण पाच लाख लिटर. सगळे कॅमेरे स्टेशनवर. मी मात्र एका गल्लीत गेलो. तिथं घागरींची रांग होती, प्रत्येक घागरीवर रंगानं घरवाल्याचं नाव. एक मावशी म्हणाल्या, "लेकरा, रातच्याला दोनला उठून नंबर लावलाय, एवढं दाखव." ते दाखवलं, याचं समाधान अजून आहे.

आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या घरी जाल तेव्हा बूम, म्हणजे चॅनेलचा माइक, लगेच पुढे करू नका. आधी खाली बसा, चपला बाहेर काढून. बाई बोलली नाही तर तसंच परत या, डेस्कवरून, म्हणजे चॅनेलच्या ऑफिसातून, कितीही फोन येऊ देत.

शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड, दोन्ही विद्यापीठांत पत्रकारिता शिकवतात. सोबत सातबारा, पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज), पीकविमा वाचता आला पाहिजे. आमच्याकडच्या निम्म्या बातम्या त्या कागदांतच असतात.