वाचक विचारतात : बाप्तिस्त मंडळी आणि ईश्वरविज्ञानाचा आजचा अभ्यास

सोलापूर आणि आसपासच्या बाप्तिस्त वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. बाप्तिस्त मंडळ्या बाळांना नव्हे, तर स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. बहुतेक प्रश्न त्याभोवतीच फिरतात.

प्रश्न : जुळे सोलापुरातल्या एका छोट्या बाप्तिस्त मंडळीत मी वचन सांगतो. पोटासाठी नोकरी आहे. आठवड्याला तीन तास आणि महिन्याला पाचशे रुपये, याहून जास्त निघत नाहीत. इंग्रजी वाचतो, पण हळू. आज अभ्यास कुठे चालला आहे हे कळायला सुरुवात कुठून करू?

सगळे ईश्वरविज्ञान एकदम हाती धरायला जाऊ नका. वर्षासाठी एकच प्रश्न घ्या, आणि तो तुमच्या मंडळीत खरोखर विचारला जाणारा हवा. उदाहरणार्थ : लहानपणी शिंपडून बाप्तिस्मा झालेली सून मंडळीत आली, तर तिला सभासद करून घेताना पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? असा प्रश्न डोक्यात पक्का असला की शंभर लेखांतला कामाचा लेख लगेच ओळखू येतो.

पुस्तके नंतर. आधी परीक्षणे वाचा. दोन पानांच्या परीक्षणात नव्या पुस्तकाचा मुद्दा काय, तो कोणाला खोडतो आणि परीक्षकाला तो का पटला किंवा पटला नाही, एवढे समजते. ‘थेमेलिओस’ हे नियतकालिक वर्षातून तीनदा निघते, इंटरनेटवर फुकट मिळते आणि त्यातली परीक्षणे विषयवार लावलेली असतात. ‘टिंडेल बुलेटिन’ आणि ‘जर्नल ऑफ युरोपियन बाप्टिस्ट स्टडीज’ हीसुद्धा मोफत आहेत. यातले दुसरे खास बाप्तिस्तांचे. भारतातल्या चर्चेसाठी ‘इंडियन जर्नल ऑफ थिऑलॉजी’चे जुने अंक स्कॅन केलेले सापडतात. जेस्टोर या अभ्यासलेखांच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की महिन्याला १०० लेखांपर्यंत पैसे न देता पडद्यावर वाचता येतात.

तीन तासांची वाटणी अशी करा. पहिल्या आठवड्यात चार-पाच परीक्षणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात मिळून एकच लेख. चौथ्या आठवड्यात त्या लेखाचा मुद्दा एका पानात, मराठीत, स्वतःच्या शब्दांत. मराठीत मांडता आला नाही तर तो अजून समजलेला नाही, म्हणून पुन्हा वाचा. लेख पहिल्या ओळीपासून वाचायला घेऊ नका. आधी सारांश, मग शेवटची दोन पाने, मग उपशीर्षके, मग तळटीपा. तळटीपांत जे नाव तीन-चारदा येते, त्या अभ्यासकाशी लेखकाचा खरा वाद चाललेला असतो. ते नाव वहीत टिपा, पुढच्या महिन्याचे वाचन तिथून मिळते.

घोटाळा बहुतेक फुकटच्या पीडीएफमुळे होतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचे हक्क (कॉपीराइट) संपतात. म्हणून सहज फुकट मिळतात ती टीकापुस्तके (पवित्र शास्त्रावरची भाष्ये) बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली असतात. भक्तीसाठी ती आजही गोड आहेत. पण मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या, म्हणजे पवित्र शास्त्राची फार जुनी हस्तलिखिते, १९४७ पासून सापडत गेल्या, हे त्यांच्या लेखकांना ठाऊक असणे शक्य नव्हते. इतिहासाच्या किंवा भाषेच्या मुद्द्यावर त्यांचा हवाला दिलात की जाणकार श्रोता तिथेच थांबवतो. पुस्तक घेताना शेवटची ग्रंथसूची पाहा. तिच्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांतले काही नसेल, तर नव्या छपाईचे मुखपृष्ठ पाहून फसू नका.

पहिले चार महिने एक रुपयाही खर्चू नका. दोन हजार साठतील, आणि नेमके कोणते पुस्तक लागणार आहे हे तोवर कळलेले असेल.

प्रश्न : आमच्या व्याह्यांकडची मंडळी बाळांना बाप्तिस्मा देते. ते म्हणतात, “रोमच्या हिप्पोलिटसने इ. स. २१५ च्या सुमारास बाळांच्या बाप्तिस्म्याची रीत लिहून ठेवली आहे, मग तुमचा हट्ट कशाला?” याला काय उत्तर द्यावे? — एक शब्बाथशाळा शिक्षिका, होटगी रस्ता

ज्या पुस्तकाचा ते हवाला देतात ते म्हणजे ‘प्रेषितीय परंपरा’, मंडळीच्या विधींची एक जुनी नियमावली. हिप्पोलिटस हा तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा रोममधला मंडळीचा पुढारी आणि लेखक. त्यात आधी मुलांचा बाप्तिस्मा करा, ज्यांना बोलता येते त्यांनी स्वतः उत्तर द्यावे, ज्यांना येत नाही त्यांच्या वतीने आईवडिलांनी किंवा घरच्या कोणी बोलावे, असे खरोखरच आहे. म्हणजे तुमच्या व्याह्यांनी मनचे काही सांगितलेले नाही. बदलले आहे ते हे पुस्तक किती जुने आणि कोणी लिहिलेले, याविषयीचे मत.

मूळ ग्रीक मजकूर जवळजवळ सगळा हरवला आहे. हाती आहेत ते लॅटिन, कॉप्टिक, अरबी आणि इथिओपिक अनुवाद, आणि ते जागोजागी एकमेकांशी जुळत नाहीत. हस्तलिखितांत लेखकाचे नाव नाही. एदुआर्द श्वार्त्झ यांनी १९१० मध्ये आणि आर. एच. कॉनली यांनी १९१६ मध्ये ते हिप्पोलिटसचे असल्याचे मांडले, आणि पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत ‘रोम, २१५’ असेच छापले गेले. पॉल ब्रॅडशॉ, मॅक्सवेल जॉन्सन आणि एडवर्ड फिलिप्स यांचे या पुस्तकावरचे मोठे भाष्य २००२ मध्ये आले. हा एका हाताने, एका वेळी लिहिलेला ग्रंथ नसून वेगवेगळ्या काळांतले आणि ठिकाणांचे थर त्यात साचत गेले आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. सगळ्यांनी ते मान्य केलेले नाही, काही अभ्यासक अजून रोमशीच नाते जोडतात. पण ‘रोम, २१५’ हा आकडा आता पुरावा म्हणून टेबलावर ठेवता येत नाही.

इथे टाळी वाजवून थांबू नका, कारण उरलेला पुरावा दोन्ही बाजूंना टोचतो. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने इ. स. २०० च्या सुमारास बाप्तिस्म्यावरच्या ग्रंथाच्या अठराव्या प्रकरणात लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवण्याचा सल्ला दिला. त्याने हरकत घेतली याचा अर्थ कुठेतरी ती रीत सुरू झाली होती. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर कार्थेजच्या सिप्रियनसह ६६ बिशपांनी तर बाळ जन्मल्यावर आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबू नये असे ठरवले. दुसरीकडे ‘दिदाखे’ या आरंभीच्या मंडळीच्या शिकवण-पुस्तिकेच्या सातव्या प्रकरणात बाप्तिस्म्याआधी उपास करायला सांगितले आहे, आणि ते बाळाला लागू पडत नाही. मात्र तेच प्रकरण म्हणते की वाहते पाणी नसेल तर दुसरे, थंड नसेल तर गरम, आणि दोन्ही पुरेसे नसतील तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. “आरंभीच्या मंडळीत बुडवण्याखेरीज काही चालतच नव्हते” असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते या मजकुरापुढे टिकत नाही.

या विषयावर एकच पुस्तक घ्यायचे तर एव्हरेट फर्ग्युसन यांचा आरंभीच्या पाच शतकांतल्या बाप्तिस्म्यावरचा २००९ चा ग्रंथ घ्या. मरणाच्या दारात असलेल्या मुलांना घाईने दिलेल्या बाप्तिस्म्यातून ही रीत वाढली, असे ते कबरींवरच्या लेखांच्या आधारे मांडतात. त्याआधी योआखिम येरेमियास आणि कुर्ट आलांड या दोन जर्मन अभ्यासकांचा १९५८ ते १९६२ मधला वाद वाचा. दोघेही लूथरन, तरी एक म्हणतो बाळांचा बाप्तिस्मा पहिल्यापासून होता, दुसरा म्हणतो नव्हता. विरुद्ध बाजूचे उत्तम पुस्तक आपल्या बाजूच्या उत्तम पुस्तकाइतकेच सावकाश वाचावे लागते.

व्याह्यांना सांगायचे ते थोडक्यात असे : दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ही रीत दिसते, त्याआधीचा निःसंदिग्ध पुरावा नाही, आणि आमची भूमिका मुळात नव्या करारावर उभी आहे.

प्रश्न : बाप्तिस्त मंडळी थेट बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापासून अखंड चालत आली, असे एका पत्रकात वाचले. खरे का?

नाही. जॉन स्मिथ आणि त्याच्या इंग्रज सोबत्यांनी १६०९ मध्ये ॲम्स्टरडॅमला पहिली बाप्तिस्त मंडळी सुरू केली, तीही पाणी ओतून. त्यांच्यातला थॉमस हेल्विस मायदेशी परतला आणि १६१२ च्या सुमारास इंग्लंडमधली पहिली मंडळी लंडनला उभी राहिली. इंग्लंडमधल्या बाप्तिस्तांनी बुडवून बाप्तिस्मा देणे १६४१-४२ मध्ये धरले, आणि १६४४ च्या लंडन विश्वासपत्रात ते लेखी आले. हॉलंडमधल्या मेनोनाइटांचा (बाळांचा बाप्तिस्मा न मानणारा आणखी जुना पंथ) यात वाटा किती, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. अखंड साखळीचा सिद्धांत मात्र आज कोणी गंभीर इतिहासकार मांडत नाही. त्या पत्रकावरून शब्बाथशाळेत शिकवू नये.

प्रश्न : ‘बाप्तिस्मा’ हा शब्द आपल्या पवित्र शास्त्रात मराठी का केला नाही? — अक्कलकोट

कारण भाषांतर केले की बाजू घ्यावी लागते. ग्रीक ‘बाप्टिझो’चा सर्वसाधारण अर्थ बुडवणे. बाप्तिस्त मिशनरी विल्यम केरी यांच्या परंपरेतल्या बंगालमधल्या बाप्तिस्तांनी बंगाली नव्या करारात तोच अर्थ दिला. इतर मंडळ्यांना ते चालेना. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने अशा भाषांतरांना मदत द्यायचे १८३० च्या दशकात नाकारले, आणि बाप्तिस्तांनी १८४० मध्ये वेगळी भाषांतर संस्था काढली. मराठीत ग्रीक शब्द तसाच ठेवल्यामुळे सगळ्या मंडळ्यांना एकच पुस्तक वापरता येते.

पण एका शब्दावर सगळा वाद सुटत नाही. २ राजे ५:१४ मध्ये नामान यार्देनेत सात वेळा बुडी मारतो, तिथे जुन्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद आहे. लूक ११:३८ मध्ये येशूने जेवणाआधी हात धुतले नाहीत याचे परूश्याला आश्चर्य वाटते, तिथेही हेच. त्यामुळे शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून थांबू नका, वाक्य पाहा. रोम ६:४ मधल्या पुरले जाण्याच्या चित्राला बुडवणे शोभते, हा आपला मुद्दा शब्दापेक्षा त्या चित्रावर जास्त भक्कम उभा राहतो.

प्रश्न : मंडळीशास्त्राशी आम्हा स्वतंत्र मंडळ्यांचा काय संबंध? — बार्शी

रोजचाच. मंडळीशास्त्र म्हणजे मंडळी काय असते आणि तिच्यात कोण, कसे येते याचा अभ्यास. वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झाली, तेव्हा उत्तर भारतातल्या काही बाप्तिस्त मंडळ्याही तिच्यात सामील झाल्या. तिथे बालकांचा आणि विश्वास कबूल केलेल्यांचा, असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. सोलापूर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या वारशातली घरे त्या मंडळीत आहेत, आणि तुमच्या मुलांची लग्ने त्याच घरांत ठरतात. बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवकपण यांवरचा जागतिक मंडळी परिषदेचा १९८२ चा लिमा दस्तऐवज वाचा. बाप्तिस्म्याचा भाग थोड्याच पानांचा आहे. पुन्हा बाप्तिस्मा दिल्यासारखी दिसेल अशी कोणतीही रीत टाळावी, असे त्याचा तेरावा परिच्छेद म्हणतो. तुमची मंडळी नेमके तेच करत असेल, तर का करते हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. जगभरच्या मंडळ्यांनी दिलेली उत्तरे सहा खंडांत छापली आहेत. त्यातली बाप्तिस्त उत्तरे काढून वाचा.

प्रश्न : सोलापुरात अशी पुस्तके मिळत नाहीत. पुण्याला एका दिवसात काम होईल का?

होईल, पण तयारी घरून करून निघा. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलात तर त्याच गाडीने रात्री परत येता येते आणि मध्ये पाचेक तास हाती राहतात. युनियन बिब्लिकल सेमिनरी बिबवेवाडीला आहे. कॅथोलिकांचे ज्ञानदीप (पूर्वीचे ज्ञानदीप विद्यापीठ) नगर रस्त्याला आहे. दोन्ही टोके एका दिवसात गाठायला जाऊ नका, प्रवासातच दिवस जाईल.

आठ दिवस आधी ग्रंथपालांना पत्र किंवा ईमेल करा : बाहेरच्या वाचकाला बसू देतात का, कोणत्या वेळी, शुल्क किती. मंडळीच्या लेटरहेडवर ओळखपत्र आणि आधार कार्ड सोबत असू द्या. पाहायची पुस्तके पाचापेक्षा जास्त नकोत. लेखक, नाव, वर्ष आणि हवे ते प्रकरण कागदावर लिहून न्या. ग्रंथालयात ड्यूई पद्धत (विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे देण्याची) असेल तर बाप्तिस्त मंडळ्या २८६ वर, मंडळीशास्त्र २६२ वर, भारतातला मंडळीचा इतिहास २७५.४ वर सापडतो. बाप्तिस्मा मात्र दोन ठिकाणी विभागलेला असतो : सिद्धांत २३४.१६१ ला, विधी २६५.१ ला. एकाच कपाटात शोधून “नाही” म्हणत परत फिरणारे इथेच चुकतात.

अख्खे पुस्तक झेरॉक्स करायला देत नाहीत आणि मागूही नये. हवे ते प्रकरण, अनुक्रमणिका आणि ग्रंथसूची एवढे पुरते. प्रत्येक झेरॉक्सच्या पहिल्या पानावर, तिथेच बसून, लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पाने लिहा. नावाचे पान राहिले की सहा महिन्यांनी तो कागद कोणत्या पुस्तकातला हे कळत नाही, आणि मग तो मंडळीसमोर हवाला म्हणून वाचता येत नाही.